साडूभाऊ, आता ऐकाच

दुपारी साडूभाऊ जेवायला आले. शेवभाजी ओरपली, हात धुतले आणि दारातल्या मारुतीच्या जिम्नी जीपकडे बघून म्हणाले, "तेरा लाखांचं खेळणं! तेवढ्यात सात जणांची डिझेल गाडी आली असती." पाहुणा माणूस, म्हणून गप्प बसलो. आता इथे लिहितो.

हो, मागची सीट उभी असली की डिकी २०८ लिटरची. दोन ब्यागा ठेवा, संपलं. बसणारे चार. मान्य. पुढे?

पुढे आमचा शिवरस्ता. अमळनेर तालुक्यातली काळी माती. डांबरी संपली की वावर दोन किलोमीटर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आबांनी दोन पावसाळे वावर पाहिलं नव्हतं. मोटारसायकलवर पाय टाकता येईना, ट्रॅक्टरवर चढता येईना. मागच्या श्रावणात त्यांना पुढे बसवलं. पायाखाली उलटं घमेलं ठेवावं लागलं, कारण गाडी जमिनीपासून २१० मिलिमीटर वर. म्हाताऱ्या गुडघ्यांना ते जड जातं, हेही लिहून ठेवतो.

मी शहाणा, दोन चाकांच्या जोरावरच घुसलो. नाल्यापाशी चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मातीचे नुसते लाडू. गाडी थांबवली, न्यूट्रल केली, छोटा दांडा ४एलला, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या संथ गिअरला ओढला. खट्. इंजिन ओरडलं, गाडी मात्र म्हशीसारखी संथ निघाली. त्या गिअरात वेग नसतोच, नुसती ओढ.

आणि ते रीलवाले! लोकांच्या बांधावरून, नदीच्या डोहातून गाड्या घालतात. तोरणमाळ केलं म्हणून मिशीला पीळ. अरे, तो घाट डांबरी आहे, एसटी जाते तिथे! वर डांबरीवरही ४एच, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा वेगातला गिअर लावून फिरतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोड्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल हिला नाही, वळणावर ती एकमेकांशी भांडतात, गाडी आखडते. कोण सांगणार?

रोज जळगाव-धुळे करणाऱ्याने ही घेऊ नये, हे मीच सांगतो. पाचच गिअर, पेट्रोल इंजिन, त्यात मागे बसणाऱ्याची हाडं मोजली जातात. झालं समाधान?

खरं तर दोन किलोमीटर खडी पडली असती तर मला ही लागलीच नसती. दर निवडणुकीआधी टेप घेऊन माणसं येतात, रस्ता मोजतात. दर वेळी तेवढाच भरतो.

जाऊ द्या. त्या दिवशी बांधाजवळ आबा म्हणाले, "आठेच थांबाड, कपाशी देखू दे." काच खाली केली, हात बाहेर काढला, एक पान उलटं करून पाहिलं. खाली मावा. माझ्याकडे वळून, "फवारणी करी नही का रे?" दोन वर्षांनी वावरात आले आणि पहिलं बोलणं हे. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बाहेर रिपरिप सुरू झालीय. आबा टोपी घालून ओट्यावर बसलेत. घमेलंही स्वतःच आणून ठेवलंय. निघतो.