रांग १५, खुर्ची १६४

फुटबॉलवेडं कोणी गेलं की श्रद्धांजलीत एक वाक्य ठरलेलं असतं : "तो फुटबॉलसाठी जगला." मला ते पटत नाही. खोटं असतं असं नाही, पण त्या वाक्यात तो माणूस एकटा पडतो. समोर मैदान, इकडे तो, आणि आसपास चिटपाखरू नाही. असा कुठला चाहता असतो?

स्पेनमध्ये वॅलेन्सिया क्लबचं मेस्ताया नावाचं जुनं स्टेडियम आहे, १९२३ सालचं. तिथे मुख्य स्टँडमध्ये १५व्या रांगेत, १६४ नंबरच्या खुर्चीवर एक आजोबा बसलेले असतात. ब्राँझचे. विसेंते नवारो आपारिसियो, क्लबचे सभासद क्रमांक १८. क्लबला शंभर वर्षं पूर्ण झाली त्या २०१९ साली, त्यांच्या पश्चात, हा पुतळा तिथे बसवला. स्टेडियमच्या बाहेर खेळाडूंचे नि प्रशिक्षकांचे पुतळे पैशाला पासरी मिळतील. बहुतेक उभे, कोणाचा हात वर, कोणाच्या पायाशी चेंडू. हा आत आहे, तिकीट काढून आलेल्या माणसांच्या रांगेत, त्यांच्यासारखाच बसलेला.

नवारो आजोबांची दृष्टी वयाच्या ५४व्या वर्षी गेली. सामन्यांना जाणं त्यांनी थांबवलं नाही. मुलगा शेजारी बसायचा आणि मैदानात काय चाललंय ते सांगायचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा "काय निष्ठा आहे!" असं म्हणून मीही पुढे गेले. मग एका रात्री टीव्हीवर सामना चालू असताना सहज डोळे मिटले. बघू या तरी म्हणून. समालोचक बोलत होता, पण थोड्या वेळाने लक्षात आलं की गर्दीला त्याच्या आधी कळतं. चेंडू कडेकडेने पुढे निघाला की आवाज हळूहळू चढायला लागतो. खुर्च्यांवरून माणसं उठताहेत हे ऐकू येतं. फटका हुकला की हजारो छात्यांमधून एकदम हवा सुटते. प्रतिस्पर्ध्यांनी गोल केला तर एका कोपऱ्यात छोटासा जल्लोष आणि बाकी सगळीकडे अशी शांतता, की आपल्यालाच अवघडायला होतं. यातलं खूपसं डोळ्यांशिवाय समजतं. फसगत होते ती ऑफसाइडला, म्हणजे खेळाडू नियमापेक्षा पुढे उभा होता म्हणून पंचाने झेंडा वर केला की. आवाज टिपेला पोचतो आणि कापल्यासारखा बंद पडतो. का, ते कळत नाही. झेंडा ऐकू येत नाही ना! तिथे शेजारचा माणूस लागतो.

तेव्हापासून मला त्या मुलाचंच जास्त वाटतं. सामना म्हणजे दीड तास भान हरपायची सोय. या माणसाला ती नाही. सगळे शिव्या घालत असताना याने शिवी कशाबद्दल आहे ते सांगायचं. आणि गोल झाला की? आधी उडी मारायची की आधी सांगायचं? वॅलेन्सियाने २००२ आणि २००४ साली स्पेनची लीग जिंकली, ती आजोबांनी डोळ्यांनी पाहिली नाही. त्यांच्यापर्यंत ती कोणाच्या तरी तोंडून आली. पुतळा आजोबांचा आहे, ते योग्यच आहे. पण त्यातली अर्धी निष्ठा शेजारच्या खुर्चीची होती, असं मला वाटतं.

याच स्टेडियमजवळ मानोलोचा बार होता. मानोलो म्हणजे ढोलवाला मानोलो, मानुएल कासेरेस. डोक्यावर भली मोठी काळी टोपी, लाल जर्सीवर १२ नंबर, पुढ्यात ढोल. १९८२ ते २०१८ सलग दहा विश्वचषकांत तो स्पेनच्या मागे उभा राहिला. त्यातल्या पहिल्या सात स्पर्धांत स्पेन रिकाम्या हातीच राहिला, आणि तो पुढच्या वेळी पुन्हा ढोल घेऊन हजर. मे २०२५मध्ये ७६व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या ढोलाबद्दल भरभरून लिहिलं गेलं. एक गोष्ट मात्र लोक हळूच ओलांडून गेले. तो असाच एकदा सामन्यांच्या पाठी फिरून घरी आला तर घर रिकामं होतं. बायको मुलांना घेऊन निघून गेली होती. हे त्यानेच सांगितलेलं.

मी त्याला नावं ठेवत नाहीये. लाखोंच्या गर्दीला ताल देणाऱ्या माणसाला नावं ठेवणारी मी कोण! पण कोणी वारल्यावर त्याच्या वेडाचं कौतुक करताना, त्या वेडाचं बिल घरात कोणी भरलं तेही दिसावं. "फुटबॉलसाठी जगला" म्हटलं की ते माणूस वाक्यातून गायबच होतं.

ब्राझीलचा क्लोव्हिस फर्नांडिस आठवतो? २०१४च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, ब्राझील जर्मनीकडून ७-१ने हरलं तो. झुपकेदार मिशांचा, टोपीवाला, विश्वचषकाची प्रतिकृती छातीशी घट्ट धरलेला म्हातारा. तो फोटो जगभर फिरला. नंतर त्याने तीच प्रतिकृती एका जर्मन चाहतीच्या हातात दिली, अंतिम सामन्याला घेऊन जा म्हणाला. हा दुसरा फोटो कमी जणांनी पाहिला. पुढच्याच वर्षी कर्करोगाने तो गेला. २०१८च्या विश्वचषकाला त्याची मुलं गेली, तशीच टोपी घालून, तसाच चषक घेऊन. तिथेही पुन्हा मुलंच.

१० मार्च २०२०. चॅम्पियन्स लीग, मेस्तायावर वॅलेन्सिया विरुद्ध इटलीचा अटालांटा क्लब. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. हजारो खुर्च्या रिकाम्या आणि १५व्या रांगेत आजोबा आपल्या जागेवर. अटालांटा ४-३ने जिंकलं, चारही गोल एकट्या इलिचिचचे. खेळाडूंच्या हाका, बुटांचे आवाज, चेंडूचे ठोके, सगळं त्या दिवशी नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं.

सात गोल झाले. शेजारची खुर्ची रिकामी होती.