वटवाघळं, निपाह आणि बागेवर उठलेला मेसेज

साताऱ्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या पेठेतली बाग शिवाजी महाराजांनी लावलेली, पण आता ती रोगाचं घर झालीय. तिथल्या वटवाघळांत निपाह हा जीवघेणा विषाणू आहे. रात्री झाडं विषारी वायू सोडतात. तेव्हा जुनी झाडं पाडून पार्किंग करा. हे वाचून माझ्या आईने संध्याकाळी बागेत जाणं बंद केलं, नातीलाही पाठवेना. आईला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि आमच्या चढउताराच्या पेठेत सपाट जागा तेवढी एकच!

निपाहचं आधी बघू, कारण घबराट त्याचीच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली, काहींत निपाहच्या खुणा सापडल्या, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एवढं खरं आहे, मान्य. पण ती गुहेत राहणारी जात. आपल्या वडावर लटकतात ती फळं खाणारी मोठी वटवाघळं. केरळात निपाहचा विषाणू त्यांच्यात सापडलाय, हेही लपवत नाही. मग माणसाला तो होतो कसा? बांगलादेशात वटवाघळांनी तोंड लावलेला खजुरीचा कच्चा रस प्यायल्याने. केरळात २०१८ साली बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयात, आजारी माणसाच्या जवळ राहून. झाडाखालून चालत गेल्याने नाही. म्हणून खाली पडलेलं, दात लागलेलं जांभूळ किंवा पेरू पोरांना उचलू देऊ नका, घरी आल्यावर साबणाने हात धुवा. आणि झाडं पाडून वटवाघळं मरतात थोडीच? ती शेजारच्या वाड्यातल्या चिंचेवर जातील. ऑस्ट्रेलियात निपाहच्याच कुळातल्या हेंड्रा विषाणूचा अभ्यास झालाय. आसरा आणि खाणं तुटलं की वटवाघळं विषाणू जास्त बाहेर टाकतात, असं त्यात दिसलं. म्हणजे मेसेजवाल्यांचा उपाय रोगापेक्षा वाईट.

विषारी वायूचं तर काय बोलावं! झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, बरोबर. पण हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो आणि आपल्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के. ज्यांना मोकळ्या बागेतल्या वडाची भीती वाटते, ते बंद खोलीत चौघांच्या शेजारी निवांत झोपतात.

इतिहासही धड नाही. अजिंक्यतारा किल्ला शिवाजी महाराजांकडे आला १६७३ साली. खालचं शहर वसलं ते पुढे शाहू महाराजांच्या काळात. बाग जपायला महाराजांचं नाव चिकटवायची गरजच नाही.

राहिलं पार्किंग. राजवाड्याकडे गाड्यांची अडचण आहे, रोज बघतो. पण महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. अर्ज आला की त्या झाडावर नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. तशी नोटीस दिसली तर मी लेखी हरकत देणार आहे. ज्यांना सोबत सही करायची असेल त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.