वाक्यातला कर्ता

२०२५ च्या मार्चमध्ये बेल्जियममध्ये राहणारा मी तीन आठवडे नाशिकला, पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी होतो. औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापले होते, १७ मार्चला नागपुरात दंगलही झाली, आणि संध्याकाळी ओट्यावर जमणाऱ्या काकांच्या मित्रांना दुसरा विषय उरला नव्हता. काका निवृत्त शिक्षक. सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या बेल्जियममध्ये बघ, इतिहास शिकलेला माणूस पंतप्रधान झाला. आमच्याकडे सिनेमा बघून आल्यावर इतिहास ठरतो. राजकारणात इतिहास जाणणारी माणसे आली, तर हे असले वाद उभेच राहणार नाहीत." मित्रांनी माना डोलावल्या. मी त्या वेळी चहा पीत गप्प बसलो, कारण होकार देणे मला जमत नव्हते आणि नकाराची कारणे चार वाक्यांत सांगण्यासारखी नव्हती.

काका बार्ट डे वेव्हर यांच्याविषयी बोलत होते. १९७० साली जन्मलेल्या डे वेव्हर यांनी लूव्हेनच्या विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास केला, तिथेच संशोधन-साहाय्यक म्हणून काम केले आणि युद्धोत्तर काळातल्या फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमच्या उत्तरेकडच्या डचभाषकांच्या, राष्ट्रवादी पक्षाच्या घडणीवर प्रबंधही सुरू केला. २००४ मध्ये ते फ्लेमिश विधिमंडळात निवडून आले, त्याच वर्षी एन-व्हीए या फ्लेमिश राष्ट्रवादी पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि प्रबंध अपुराच राहिला. पुढच्या जानेवारीत त्यांनी खोट्या नोटांनी भरलेले ट्रक वालोनियातल्या स्ट्रेपी-थ्यू येथील बोटी उचलणाऱ्या प्रचंड यंत्रणेपाशी नेऊन उभे केले. फ्लेमिश करदात्याचा पैसा फ्रेंचभाषक दक्षिणेकडे कसा वाहतो, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांना दाखवायचे होते. २०१० मध्ये त्यांचा पक्ष देशात पहिला आला आणि त्यानंतर सरकार बनायला ५४१ दिवस लागले. २०१३ पासून ते अँटवर्पचे महापौर होते आणि ३ फेब्रुवारी २०२५ रोजी ते देशाचे पंतप्रधान झाले. ज्यांच्या पक्षाच्या घटनेतले पहिले कलमच स्वतंत्र फ्लेमिश प्रजासत्ताकाचे ध्येय सांगते, त्यांनी बेल्जियमच्या राजासमोर शपथ घेतली, याची गंमत बेल्जियममधल्या लोकांना वाटते तेवढी मला वाटत नाही. मुंबईत प्रादेशिक अस्मितेवर निवडून यायचे आणि दिल्लीत मंत्रिपद घ्यायचे, हे आपण पुष्कळ पाहिले आहे.

भाषेचा प्रश्न मराठी माणसाला इथे समजावून सांगावा लागत नाही. मी राहतो त्या मेखेलेनहून ब्रुसेल्सला जाणाऱ्या गाडीत आधी फक्त डच सूचना ऐकू येतात आणि राजधानीची हद्द लागली की फ्रेंचही सुरू होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी कायद्याने आखलेली भाषासीमा अशी रोज कानांवर पडते. ज्याच्या घरात बेळगाव आणि डांगचा विषय जेवताना निघत असे, त्याला हा राग ओळखीचा वाटतो. फ्लेमिश भाषकांना त्यांच्याच देशात कित्येक दशके दुय्यम वागणूक मिळाली, हे खरे आहे, आणि डे वेव्हर यांच्या राजकारणाची सगळी ताकद त्या खरेपणात आहे.

माझी अडचण २००७ सालच्या एका प्रसंगापाशी सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४२ मध्ये अँटवर्पच्या पोलिसांनी ज्यू कुटुंबांच्या धरपकडीत भाग घेतला होता. महिनाअखेरीच्या एका धाडीत तर अटका करण्याचे काम प्रामुख्याने त्यांनीच केले. ज्यूंच्या नोंदवह्या स्थानिक प्रशासनाकडेच होत्या. माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर डोसिन बरॅक्स आहेत. तिथून १९४२ ते १९४४ या काळात २५ हजारांहून अधिक माणसे रेल्वेने पूर्वेकडे पाठवली गेली आणि त्यांतली फार थोडी परतली. (आता तिथे संग्रहालय आहे. एका भिंतीवर मजल्यांमागून मजले त्यांची छायाचित्रे लावली आहेत, आणि ज्यांचे छायाचित्र मिळाले नाही त्यांच्या जागी नुसती आकृती आहे.) २००७ च्या ऑक्टोबरात अँटवर्पचे तेव्हाचे महापौर पॅट्रिक यान्सेन्स यांनी शहराच्या वतीने माफी मागितली. डे वेव्हर यांना ती अनाठायी वाटली. अँटवर्पने हद्दपारी योजली नव्हती, शहर स्वतःच नाझी ताब्याचे बळी होते, अशा आशयाचे ते बोलले.

या वाक्यातला एकही शब्द खोटा ठरवता येत नाही. योजना बर्लिनची होती आणि शहर ताब्यातही होते. तरीही ते वाक्य लबाड आहे, कारण पोलीस त्यात कुठेच नाहीत. इतिहास न शिकलेल्याने असे बोलणे वेगळे. इथे तर युद्धाच्या वारशावर जगलेल्या पक्षाचा ज्याने अभ्यास केला, त्या माणसाला कर्ता ठाऊक होता आणि त्याने तो वाक्यातून वगळला. ज्ञान असले म्हणजे असे वगळणे अधिक सफाईने जमते, एवढाच फरक मला दिसला. काकांच्या म्हणण्याला मान डोलावता न येण्याचे कारण हेच होते.

पुढे जे घडले ते मात्र आपण नीट पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षाच्या आरंभी, सिनेटच्या मागणीवरून महायुद्धाच्या शासकीय अभ्यासकेंद्राने तयार केलेला जाडजूड अहवाल प्रसिद्ध झाला होता आणि बेल्जियन अधिकाऱ्यांनी कुठे, किती आणि कसे सहकार्य केले, हे त्यात कागदपत्रांनिशी मांडले होते. त्यामुळे डे वेव्हर यांना उत्तर द्यायला कोणाला रस्त्यावर उतरावे लागले नाही. टीका झाली, आणि काही दिवसांतच त्यांनी ज्यू समाजाची माफी मागितली. त्यांचे थोरले बंधू ब्रूनो हे गेंटच्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. ज्या व्हीएनव्ही पक्षाने नाझींशी हातमिळवणी केली, त्याच्यावरचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन त्यांच्याच नावावर आहे, आणि या दोघांचे आजोबा त्याच पक्षात होते. एका घरातल्या एका भावाने आजोबांच्या पक्षाची दप्तरे उघडली, दुसऱ्याने राजकारण केले, आणि पहिल्याच्या दारावर कोणी दगड मारल्याचे मी ऐकलेले नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेत काय झाले, हे आठवून पाहावे.

म्हणून बेल्जियम फार शहाणे आहे, असे मी म्हणत नाही. फ्लेमिश सरकारने २०२३ मध्ये स्वतःच्या पैशाने साठ प्रकरणांचा एक अधिकृत 'इतिहासाचा वानवळा' काढला तेव्हा अनेक इतिहासकारांनी नाके मुरडली, आणि मला ती बरोबर वाटली. सरकारने निवडलेला भूतकाळ कुठल्याही भाषेत सारखाच गुळगुळीत लागतो. पण नाके मुरडणाऱ्यांच्या नोकऱ्या शाबूत राहिल्या.

नाशिकहून परतण्याच्या आदल्या दिवशी मी काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाशी उभा होतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला, हे आम्ही शाळेत शिकलो. त्याच एप्रिलमध्ये रथयात्रेच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा, असे ठरले होते. प्रत्यक्षात रथ पळवला गेला, दगडफेक झाली, सत्याग्रही जखमी झाले. हे वाक्य मी आता लिहिले तसेच आम्हाला शिकवले गेले: पळवला गेला, दगडफेक झाली. मराठीतला कर्मणी प्रयोग किती कामाचा आहे, हे मला अँटवर्पजवळ राहून समजले. सत्याग्रह कोणी केला, ते आपण नावांसह अभिमानाने सांगतो. दार कोणी बंद ठेवले आणि दगड कोणी उचलला, याची वाक्ये मात्र कर्त्यावाचून चालतात. नाशिकचा कोणी इतिहासकार उद्या महापौर झाला, तरी रथयात्रेच्या दिवशी तो या वाक्यात कर्ता घालील, असे मला वाटत नाही. ज्या आळीतून रथ जातो, तीच आळी त्याला मते देणार आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी काकांना हे सगळे सांगितले, अगदी त्या दोन भावांच्या आजोबांसकट. आमचे घर मंदिरापासून चार मिनिटांवर, आणि माझे आजोबा, म्हणजे काकांचे वडील, १९३० साली बावीस वर्षांचे होते. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"अण्णा त्या दिवशी घरी नव्हते," ते म्हणाले. "एवढेच आई सांगायची. कुठे होते, ते तिने कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही."