तीसपैकी तीस

मार्क कमी पडले तर गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आहे, पुनर्मूल्यांकन आहे. जास्त पडले तर काय करायचं, त्याचा अर्ज बोर्डाकडे नाही. आजवर कुणी मागितलाही नसेल. माझ्या भाचीने मात्र परवा सरळ विचारलं, "मावशी, मार्क परत करता येतात का गं?"

बारावी सायन्स. ॲडमिशन एका कॉलेजात, शिकणं दुसरीकडे क्लासला. 'टाय-अप' म्हणतात ते हेच, ज्यांच्या घरात बारावी झालीय त्यांना समजावून सांगायला नको. फिजिक्सला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. तिच्या अख्ख्या बॅचला तीसपैकी तीस. लॅबमध्ये ही पोरं पहिल्यांदा गेली ती परीक्षेच्या दिवशी. जर्नल आदल्या आठवड्यात एकीचं बघून बाकीच्यांनी उतरवलेलं, रीडिंगसकट. हिच्या वाट्याला मीटर ब्रिज आला, म्हणजे ताणलेल्या तारेवरून रोध मोजायचा प्रयोग. जॉकी, म्हणजे हातात धरायचं ते टोक, तारेवर टेकवायची असते, घासत न्यायची नसते, हेसुद्धा तिला तिथल्या लॅब असिस्टंटने सांगितलं. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर यायची वाट बघत बसली, तर सर म्हणाले, "अगं, राहू दे, हे आकडे लिही."

घरात यावर जे झालं ते तुमच्याही घरात झालं असतं. आजी म्हणाली, पदरात पडलं पवित्र झालं. भाऊजींचा पारा चढला. लोक मार्कांसाठी जीव टाकतात आणि हिला मिळालेले टोचतायत! ताई म्हणाली, सगळ्यांनाच मिळालेत ना, मग कुणाचं काय गेलं?

आजीचं सोडा, पण ताईचा प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणून त्यावरच बोलते.

सगळ्यांना मिळाले, हे खरं नाही. तिच्या बॅचला मिळाले. तालुक्याच्या एखाद्या अनुदानित कॉलेजात आजही असे सर आहेत, जे पोरांकडून प्रयोग करून घेतात, तोंडीला खरोखर प्रश्न विचारतात आणि चांगल्या पोराला २५ देतात. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर याने फारसं बिघडत नाही, तिथे सीईटी बघतात, बारावीला ठरावीक टक्के असले की झालं. पण हिला बीएस्सी करायची आहे, आणि ज्या कॉलेजात करायची आहे तिथली मेरिट लिस्ट बारावीच्या मार्कांवर लागते. तिथे त्या २५ वाल्यावर पाच मार्कांची आघाडी हिला आयती मिळाली. यादीत त्या पाच मार्कांत किती नावं मावतात, ते कुठल्याही नोटीस बोर्डासमोर उभं राहून बघा. तेव्हा कुणाचं तरी गेलं. आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, एवढंच.

यावर दुसरी बाजू आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे हे फुकटचे मार्क काढून बघितले आहेत. दहावीला शाळेच्या हातात असलेले तोंडी परीक्षेचे २० मार्क २०१८-१९ मध्ये बंद केले. २०१८ ला ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ ला ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, हे धरूनही घसरण मोठीच. मग ओरड झाली की इतर बोर्डांची मुलं अंतर्गत मार्क घेऊन अकरावीच्या यादीत पुढे जातात आणि आमची मागे राहतात. ओरड चुकीची नव्हती. मार्क परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के. म्हणजे एकट्याने हात आखडला तर त्याचंच पोर मार खातं. म्हणूनच सढळ हाताने देणाऱ्या प्रत्येक सरांना मी लबाड म्हणणार नाही. वरून संस्था निकाल मागते, समोर पालक बसलेले असतात. (एक विचारते. "आमच्या मुलाला दोन मार्क कमी का?" म्हणून कॉलेजात जाऊन भांडलेले पालक माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत. "जास्त का?" म्हणून गेलेला एक तरी आहे का?)

मग त्या पोरीने करायचं काय? बोर्डाला पत्र लिहून मार्क कमी करून घे, असं मी तिला सांगितलं नाही. कुणी आदर्श म्हणून सांगत असेल तर त्याने आधी स्वतःच्या मुलाला सांगावं. अठरा वर्षांच्या मुलीने एकटीने हे ओझं घ्यावं आणि दोन वर्षांच्या फीचे आकडे ठरवणाऱ्यांनी मजेत राहावं, हे मला पटत नाही. पण "विसर गं, चालायचंच" हेही मी म्हटलं नाही. तिला टोचतंय ते टोचू दे. ते बोथट करायला घरातले बाकीचे बसलेलेच आहेत.

ॲडमिशन झाली. एफवायच्या पहिल्या प्रॅक्टिकलला तिने मॅडमना बाजूला घेऊन सांगून टाकलं की मला यातलं काही येत नाही, बारावीचे मार्क बघू नका. मॅडम अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "अर्धा वर्ग असाच येतो. तू सांगितलंस तरी. शनिवारी लॅब उघडी असते, येत जा."

ती जाते. भाऊजींना वाटतं, कॉलेजने जादा तास लावलेत आणि त्याची फी अजून मागितली कशी नाही!