आयपी अमेझॉनचा, खातं मात्र तुमचंच

नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘स्कॅनर लॅपटॉपवर टाकू नका, ब्राउझरमधल्या क्लाउड शेलमधून चालवा. फुकट, रात्रभर चालतं, लॅपटॉप सेफ, आणि आयपी अमेझॉनचा दिसतो म्हणून कुठलीही साइट स्कॅन केली तरी नाव येत नाही.’ स्कॅनर म्हणजे दुसऱ्या मशीनच्या उघड्या वाटा शोधणारा प्रोग्राम, क्लाउड शेल म्हणजे अमेझॉन-गूगलच्या सर्व्हरवर ब्राउझरमधून कमांड चालवायची सोय, आणि आयपी म्हणजे मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता. मेसेजमधलं ‘फुकट’ तेवढं पूर्ण खरं आहे.

‘रात्रभर चालतं.’ परवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ एका पोराने माझ्यासमोर अमेझॉनच्या शेलमध्ये एनमॅप हा स्कॅनर टाकला, स्कॅन लावला आणि आम्ही तर्री-पोहे खायला गेलो. पाऊण तासाने येऊन बघतो तर सेशन बंद. नवीन उघडलं तर ‘कमांड नॉट फाउंड’, म्हणजे टाकलेलं एनमॅपच गायब. तिथे २०-३० मिनिटं कीबोर्ड-माउसला हात लागला नाही की सेशन संपतं; आत स्कॅन चालू असला तरी तो मोजत नाहीत. टिकतं फक्त होम डिरेक्टरी या तुमच्या फोल्डरातलं, तेही दर रीजनमागे (अमेझॉनच्या सर्व्हरांच्या प्रत्येक विभागामागे) १ जीबी. गूगल ५ जीबी देतं, पण आठवड्याला ५० तासांची मर्यादा घालून.

‘नाव येत नाही.’ अरे, शेल उघडायला लॉगिन कोणी केलं? खात्यामागे तुमचा ईमेल आहे, मोबाइल आहे, बहुतेक वेळा कार्डही. तक्रार गेली की कंपनी आधी ते खातंच उघडून बघणार.

‘लॅपटॉप सेफ’ हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. अमेझॉनच्या शेलमध्ये तुम्ही कन्सोलला (खातं चालवायच्या वेबपानाला) ज्या अधिकारांनी लॉगिन केलंय, तेच अधिकार आपोआप येतात. ॲडमिन म्हणून शिरलात आणि कुठून तरी उचललेली स्कॅनरची स्क्रिप्ट न वाचता चालवली, तर तिच्या हातात पूर्ण खात्याच्या किल्ल्या गेल्या. लॅपटॉप फॉरमॅट करता येतो. रात्रीतून कोणी तुमच्या नावावर डझनभर मशीन चालू केल्या तर बिल येतं. आणि ज्या घरात ट्यूशनच्या फीसाठी हात आखडता घ्यावा लागतो, तिथे ते बिल कोण भरणार?

‘कुठलीही साइट.’ माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं येतं. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिला ६ तासांत कळवायच्या घटनांमध्ये महत्त्वाच्या यंत्रणांवर नेम धरून केलेलं स्कॅनिंगही आहे. एनमॅपवर हात बसवायचा असेल तर त्याच्याच कर्त्यांनी ‘स्कॅनमी’ नावाचं मशीन त्यासाठी खुलं ठेवलंय.

शेल खरं कामाचं आहे ते स्वतःचं क्लाउड खातं तपासायला. त्यासाठी प्रॉलर हे क्लाउड खात्यातल्या त्रुटी शोधणारं टूल घ्या, पण ॲडमिनने नको. ‘सिक्युरिटी ऑडिट’ आणि ‘व्ह्यू ओन्ली ॲक्सेस’ या दोन पॉलिसी (अधिकारांच्या याद्या) आणि शेल उघडण्यापुरती ‘क्लाउडशेल फुल ॲक्सेस’ लावलेल्या वेगळ्या युजरने लॉगिन करा. रिपोर्ट तयार होताच डाउनलोड करा आणि शेलमधून पुसा. तुमच्या खात्यात सापडलेली प्रत्येक उघडी खिडकी त्यात लिहिलेली असते.