बारा इंच म्हणजे बारा इंच हो!

"काकू, काकांना घेऊन या. त्यांना समजावून सांगतो."

आज दुपारी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या प्रिंटरच्या एका दुकानात, मिसरूडही धड न फुटलेल्या एका मुलाने मला हे ऐकवलं. दुकानात शिरले तेव्हा मी 'मॅडम' होते. मागच्या ट्रेमधून किती जीएसएमचा, म्हणजे किती जाडजूड, कागद जातो, असं विचारलं आणि 'ताई' झाले. पर्समधून स्टीलची पट्टी काढली, तशी 'काकू'. आणि मग थेट काकांना बोलावणं. आमच्याकडच्या काकांना आधार कार्डाची झेरॉक्स काढताना कुठली बाजू खाली ठेवायची हे अजून कळलेलं नाही. ते येऊन काय दिवे लावणार होते?

मागितलं काय होतं मी? बारा बाय बाराचं स्क्रॅपबुकचं पान घरच्या घरी, कडेला पांढरी पट्टी न ठेवता छापणारा प्रिंटर. एवढंच. चंद्र नव्हता मागितला.

"ए-थ्री घ्या. ए-थ्रीत सगळं बसतं."

नाही बसत! ए-थ्रीची रुंदी २९७ मिलिमीटर. बारा इंच म्हणजे ३०४.८. जवळजवळ आठ मिलिमीटर कमी पडतात, आणि ते आठ मिलिमीटर कुठल्याही देवाला नवस बोलून भरून निघत नाहीत. मला ए-थ्री प्लस हवाय. तेरा बाय एकोणीस इंच, म्हणजे ३२९ बाय ४८३ मिलिमीटर. त्या 'प्लस'मध्येच माझं सगळं आयुष्य अडकलंय, आणि या लोकांना तो प्लस म्हणजे मोबाईलच्या नव्या मॉडेलला लावतात तसलं काहीतरी वाटतं.

"एवढ्याशानं काय होतंय," असं म्हणून त्याने माझ्या हातातला कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घेतला. म्हणजे हिसकावलाच. नमुना म्हणून नेला होता मी, दोनशे वीस जीएसएमचा, हस्तिदंती, अल्बमच्या खिशात बरोब्बर बसणारा. त्याने ट्रेमधल्या त्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या पार टोकापर्यंत सरकवल्या. कागद अर्थातच त्यांच्या मधे जाईना, वर चढून बसला. मग या पठ्ठ्याने काय करावं? अंगठ्याने कोपरा दुमडला आणि दाबला! बारीक 'कट्' असा आवाज आला. कोपऱ्यावर पांढरी रेघ उमटली, कार्डस्टॉकच्या आतला गाभा दिसायला लागला. आणि तो माझ्याकडे बघून हसतोय. "बघा, गेला की!"

मी गप्प. एका जागी गप्प बसण्याचा माझा लौकिक नाही, पण बसले.

मग उपाय सुरू झाले. "कडेला थोडं कापून घ्या ना." अरे, पानाच्या कडेलाच मी दोन तास घालवून झेंडूच्या तोरणाची किनार केलीय, सावल्यांसकट. ती कापू? "मग फिट टू पेज करा, आकसून बसतंय कागदात." या 'फिट टू पेज'वाल्यांना एकदा फिट टू पेज करून अल्बमच्या खिशात सरकवायला पाहिजे. चारी बाजूंनी हलतील म्हणजे कळेल. त्याच्यावर कडी म्हणजे, "तुम्हाला प्रिंटर कशाला पाहिजे पण? पोरांचा शाळेचा प्रोजेक्ट आहे ना? आप्पा बळवंत चौकात दहा रुपयांत काढून मिळतं." पोरगी माझी इंजिनिअर होऊन नोकरीला लागली. प्रोजेक्ट माझा आहे. माझा!

'बाहेरून काढून घ्या' म्हणणारे हा एकटा नाही. अख्खं पुणं म्हणतंय. काढून बघितलंय हो. पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे लेझर असतो. घडीवर टोनरचे, म्हणजे त्याच्या शाईच्या भुकटीचे, पापुद्रे निघतात, आणि माणसांचे चेहरे एक तर संत्र्याच्या सालीसारखे येतात नाहीतर कावीळ झाल्यासारखे. डिजिटल प्रेसवाल्याकडे तेरा बाय एकोणीसचा कागद असतो, मशीनही झकास असतं, पण तो पहिला प्रश्न विचारतो, "किती कॉप्या?" एक, असं म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते बघायला मी पैसे देऊन जात नाही. लग्नाचे अल्बम करणाऱ्या लॅबवाल्याला बारा बाय छत्तीसच दिसतं. करिझ्मा अल्बम, सोनेरी कडा, वर मखमली पेटी. मला सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, सहस्रचंद्रदर्शनाचा अल्बम करायचाय, त्यांचं लग्न नाही लावायचं परत.

आणि तिथेच खरी गोम आहे. नानांचा मुंजीतला फोटो आहे, नारायण पेठेतल्या वाड्याच्या ओट्यावरचा. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, वाड्यात पाणी शिरलं. ट्रंकेत जे फोटो राहिले त्यांतला हा एक. खालच्या कडेला पाण्याची तपकिरी लाट उमटलेली आहे. मी तो स्कॅन केला, ती लाट मुद्दाम ठेवली आणि पानाची सगळी रंगसंगती तिच्यावरून घेतली. हा फोटो मी प्रेसवाल्याकडून छापून आणला तर नाना हिरवे आले. हिरवे! सोवळं हिरवं, डोकं हिरवं, मागची भिंतसुद्धा शेवाळलेली. मी म्हटलं, हा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. तो म्हणाला, "लाइटमुळे वाटतंय तसं, उन्हात धरून बघा." उन्हात धरून बघितलं. उन्हात जास्त हिरवे.

म्हणून मला शाईचे प्रश्न विचारायचे असतात, आणि शाईचे प्रश्न विचारले की दुकानदार तुटक व्हायला लागतात. "चार कलर आहेत की मॅडम, सगळे कलर त्यातूनच बनतात." बनतात ना. पण टाकीवाल्या बऱ्याच चार रंगांच्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट, म्हणजे बारीक कणांची, असते आणि बाकीच्या तीन डाय, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या. ग्लॉसी फोटो कागदावर ती काळी वापरतच नाहीत, तीन रंग कालवून काळा करतात, आणि असा कालवलेला काळा कुठल्या बाजूला कलेल याचा नेम नाही. म्हणून सहा रंग हवेत, फिका निळा आणि फिका गुलाबी धरून, म्हणजे चेहऱ्यावर ठिपके दिसत नाहीत. त्याहून बरं म्हणजे करड्या शाया असलेला, पण त्याची किंमत ऐकून आमच्या घरात दोन मिनिटं शांतता पाळली गेली होती. डाय की पिगमेंट, या प्रश्नाला आज मला मिळालेलं उत्तर: "ओरिजिनल असते."

ऑनलाइनचं तर नावच काढू नका. 'वाइड फॉरमॅट' शोधलं की एकतर फ्लेक्स छापायची अवाढव्य मशिनं दिसतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे भाऊ-दादा चौकाचौकात टांगायला, नाहीतर ए-फोरचे प्रिंटर ज्यांचा फोटो रुंद काढलाय. गाळणी लावून 'ए-थ्री' म्हटलं की त्यातले काही ए-थ्री छापतात पण स्कॅन ए-फोर करतात. 'कमाल कागद' एका ठिकाणी लिहिलेला, 'बॉर्डरलेस', म्हणजे कडेला पट्टी न ठेवता छापणं, दुसऱ्याच ठिकाणी, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. कागद तेरा इंच जातो म्हणून बारा बाय बारा कडेपर्यंत छापेलच असं नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरच्या, यादीत तो आकार असला तर ठीक. नसला तर कस्टम आकार टाकायचा, आणि कस्टमला बॉर्डरलेस बहुतेक वेळा मिळतच नाही. मग मोठ्या कागदावर छापा आणि कटरने कापत बसा. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. खोक्यावर हसणारं कुटुंब असतं.

आणि ते व्हिडिओवाले! अर्धा तास खोकं उघडतात, थर्माकोल कुरकुरवतात, शाई ओततात, एक ए-फोर फोटो पोपटाचा छापतात आणि "कलर्स तर बघा गाइज" म्हणून निरोप घेतात. जाड कागद मागून घातला का? ओळीने वीस पानं काढली का? महिनाभर बंद ठेवून परत चालू केला का? पोपट! 'एका बाटलीत हजारो पानं' हा आकडाही तसलाच. ते चाचणीचं पान असतं, बरंच पांढरं राहिलेलं. माझं बारा बाय बाराचं पान या कडेपासून त्या कडेपर्यंत रंगाने भरलेलं असतं. मागे गडद जांभळा घेतला की बाटलीतली पातळी मला डोळ्यांनी उतरताना दिसेल.

बरं, एवढं करून प्रिंटर आला तरी तो आमच्या घरात जगणार कसा? आधीचा ए-फोर नानांनीच मारला. म्हणजे प्रेमानेच. रात्री निजण्यापूर्वी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करायचा त्यांचा नेम आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर शाई फवारणारं हेड नीट जागेवर जाऊन झाकणाखाली बसतं. मधेच भिंतीवरून वीज काढली तर ते उघडंच राहू शकतं. मे महिन्यातली पुण्याची कोरडी हवा, उघडं हेड, वाळलेली शाई. नॉझल चेकच्या, म्हणजे हेडची भोकं तपासायच्या, कागदावर रेघा कमी आणि विरामचिन्हं जास्त. हेड क्लीनिंग करा, शाई प्या, परत क्लीनिंग, परत शाई. काळा संपला म्हणून रंगीतही छापणार नाही म्हणणारा तो कार्ट्रिजवाला होता, त्याच्यावर मी वेगळी भडकलेली आहे, ते परत कधीतरी. आणि गुरुवारी लाइट जाते ते वेगळंच.

खरं सांगायचं तर घरात आता माझीच चेष्टा होते. माझ्या हार्ड डिस्कवर शेकडो पानं तयार आहेत, ३६०० बाय ३६०० पिक्सेलची, थर वेगळे ठेवून, नावं नीट देऊन. कागदावर त्यातलं एक हिरवे नाना. लेक म्हणते, "आई, डिजिटल आहे ना, मग छापायचं कशाला? ग्रुपवर टाक." नवरा टेप घेऊन दिवाणखान्यात हिंडतो आणि विचारतो, "हे धूड ठेवणार कुठे? मागचा ट्रे उघडायला भिंतीपासून फूटभर जागा लागेल. गणपती कुठे बसवायचा?" काल मी झोपेत "रिअर फीड" असं काहीतरी बडबडले म्हणे. कामवाल्या मावशींनासुद्धा माहीत झालंय की ३२९ हा आकडा शुभ आणि २९७ अशुभ. भाजीवाल्याकडे दुधी घेताना मी अंदाजाने म्हटलं, हा ए-थ्रीत बसणार नाही.

तर ज्यांच्या घरी ए-थ्री प्लस आहे, सहा शायांचा, आणि ज्यांनी त्यात दोनशे वीस-अडीचशे जीएसएमचा कार्डस्टॉक मागून स्वतःच्या हाताने घालून बारा बाय बारा काढलंय, त्यांनीच मला मॉडेल सांगा. ड्रायव्हरच्या यादीत तो आकार बॉर्डरलेस दिसतो का, तेवढं डोळ्यांनी बघून सांगा, आठवणीतून नको. सहस्रचंद्रदर्शन माघात आहे. 'बाहेरून काढून घ्या', 'ए-थ्री पुरेल' आणि 'फिट टू पेज' या तीन पंथांच्या लोकांनी तसदी घेऊ नये. काका घरी नाहीत.