‘केस जिंकलो तरच फी’ : त्या व्हॉट्सॲप मेसेजला उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत कामाला आहे. मोहदरी घाटाजवळ एका पिकअपने त्याच्या मोटरसायकलला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. पोरगं ऑपरेशनमधून नीट सावरलंही नव्हतं, तेवढ्यात बहिणीचा फोन आला. “ताई, तुला एक मेसेज पाठवलाय, लगेच वाच. ते गृहस्थ खाली थांबलेत. वकीलपत्रावर सही करू का?”

मेसेज बहुधा तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. ‘अपघात झालाय? हे तुम्हाला कोणी सांगणार नाही’ असा मथळा आणि शेवटी हात जोडून ‘जनहितार्थ पुढे पाठवा’. मधलं म्हणणं थोडक्यात असं: चोवीस तासांत वकील नेमा. आधी एक पैसा नको, केस जिंकलो तर फक्त तीस टक्के. दवाखान्याचं बिलही आम्ही भागवू. समोरची गाडी पळून गेली असेल तरी काळजी नको, गाडी ‘लावून’ देऊ. सहा महिने उलटले की सगळं संपलं. विमा कंपनीशी एक शब्द बोलू नका. अपंगत्वाचा दाखला चाळीस टक्क्यांच्या वरचाच लागतो, डॉक्टर आपलेच आहेत. हेल्मेट नसेल तर दमडी मिळत नाही, पण आम्ही बघून घेऊ. आणि एकदा केलेला वकील बदलता येत नाही, म्हणून ‘पहिल्याच वेळी योग्य माणूस निवडा’.

मी एका सरकारी विमा कंपनीच्या क्लेम विभागातून निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. तेव्हा मी कंपनीची बाजू घेते असं ज्याला वाटायचं त्याला वाटू दे. पण हा मेसेज लिहिणाऱ्याने अपघात झालेल्या माणसाच्या बाजूने एक ओळही लिहिलेली नाही.

सगळ्यात घाणेरडा मुद्दा तीस टक्क्यांचा आहे, आणि लोक भुलतात तेही त्यालाच. ‘जिंकलो तरच फी’ हे अमेरिकेतल्या जाहिरातींमधून उचललेलं वाक्य आहे. तिकडे वकील वसुलीचा तिसरा हिस्सासुद्धा घेतो आणि ते तिथल्या नियमात बसतं. आपल्याकडे बसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेतला विसावा नियम सरळ सांगतो की निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचं कबूल करून घ्यायचं नाही. छत्तिसावा नियम म्हणतो की वकिलाने स्वतः किंवा दलालामार्फत काम मागत फिरायचं नाही. म्हणजे दवाखान्याच्या पायऱ्यांवर वकीलपत्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाने तोंड उघडायच्या आधी एक नियम मोडलेला असतो आणि तोंड उघडल्यावर दुसरा.

“नियम कागदावरच असतात ताई,” असं बहीण म्हणाली. म्हणून तिला एक निकाल सांगितला, तो तुम्हालाही सांगते. ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्यापुढे तेलंगणातलं एक प्रकरण आलं. बाईचा नवरा १९९८ मध्ये अपघातात गेला. भरपाईचा दावा वर्षानुवर्षं चालला, शेवटी पैसे मिळाले. तिने वकिलाला दहा लाख रुपये फी दिली. तरी त्याचं समाधान झालं नाही. खात्यात पैसे नाहीत असं ती सांगत असताना त्याने आणखी तीन लाखांच्या चेकवर तिची सही घेतली. चेक वटला नाही, तर वकिलाने तिच्यावरच चेक बाउन्सची फिर्याद ठोकली. ज्या बाईच्या नवऱ्याच्या मरणाचे ते पैसे, तीच आरोपी! न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली आणि निकालात लिहिलं की दाव्याच्या रकमेच्या टक्क्यांवर मागितलेली फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, ते व्यावसायिक गैरवर्तन आहे आणि असा करार वसुलीसाठी चालणार नाही. अपघात भरपाईच्या दाव्यातलंच प्रकरण आहे हे. आणखी काय हवं?

आता तीस टक्के म्हणजे किती ते बघा. समजा सत्तावीस वर्षांचा मुलगा आहे, पगार महिना वीस हजार, नोकरी कायम नाही. पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून त्यात ४०% मिळवतात: २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. पायामुळे कमाईची ताकद ३०% घटली असं कोर्टाने धरलं तर वर्षाचं नुकसान १,००,८००. या वयाला गुणक (वर्षाचं नुकसान ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) १७ लागतो, म्हणून १७,१३,६००. उपचाराचा खर्च आणि वेदनांचे पैसे वेगळे. यातले तीस टक्के म्हणजे ५,१४,०८०. आणि हा हिशेब कोणा वकिलाच्या वक्तृत्वातून येत नाही. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिला, भविष्यातल्या वाढीचे टक्के २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात. वकिलाचं खरं काम पगाराचा पुरावा उभा करणं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणणं आणि चूक समोरच्या गाडीची होती हे कागदांवरून दाखवणं. त्याची रीतसर फी जरूर द्या. कष्टाचं काम आहे. पण पोराच्या पायाचे पाच लाख?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. हा प्रकार सर्रास चालतो, आणि टक्क्यांवर केस घेणारे सगळेच लुटारू नसतात. फी आधी मागितली असती तर कोर्टाची पायरी चढलेच नसते असे कितीतरी लोक माझ्या टेबलावरच्या फायलींमधून गेले आहेत. पण त्याला उत्तर टक्केवारी नाही. ठरावीक रक्कम हप्त्यांनी द्यायची, लेखी ठरवायची, प्रत्येक वेळी पावती घ्यायची. तेही झेपत नसेल तर नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो. एमआयडीसीतला कामगार त्यात येतो. हे मात्र त्या जनहितार्थ मेसेजमध्ये नाही.

बिल भागवण्याचं आमिष याच जाळ्याचा दुसरा दोरा. वकिलाने आपल्याच पक्षकाराला त्या केससाठी पैसे उसने द्यायचे नाहीत असाही नियम आहे. शिवाय एजंट जे भागवतो ते पुढे दामदुपटीने कापतो. त्यासाठी बँकेत नवीन खातं काढायला लावतो, पासबुक आणि सह्या केलेलं चेकबुक स्वतःकडे ठेवतो. पैसे जमा झाल्याचं घरच्यांना कळतं तेव्हा खात्यात उरलेलं असतं तेवढंच त्यांचं. म्हणून चेकबुक कोणाच्याही हाती द्यायचं नाही, कोऱ्या कागदावर सही तर नाहीच. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट जखमीच्या बँक खात्यात जमा करण्याबाबत निर्देश दिले आहेत. ते खातं आपलं नेहमीचंच हवं, ज्याचा मेसेज आपल्या मोबाइलवर येतो ते. आणि सुरुवातीच्या उपचाराचं म्हणाल तर केंद्र सरकारची मे २०२५ ची योजना आहे, अपघातापासून सात दिवस, दीड लाखांपर्यंत कॅशलेस. दवाखान्यात त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

‘गाडी लावून देऊ’ वाचून मात्र माझं डोकं फिरलं. याचा अर्थ असा की जी गाडी अपघाताच्या जागी नव्हतीच, तिचा नंबर आणि विमा कागदात घालायचा. हा गुन्हा आहे, आणि पकडला जातो तेव्हा एजंट कुठेच नसतो, अर्जावर सही तुमची असते. अशा फायली विमा कंपन्या तपासनीस लावून उघडतात. गाडीचं दुरुस्तीचं बिल, टोलची पावती, ड्रायव्हरचा मोबाइल, काही ना काही बोलतं. गाडी खरोखरच पळून गेली असेल तर कायद्यात त्याची सोय आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. रक्कम कमी आहे, मान्य. पण ती खरी आहे.

सहा महिन्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घाबरवायला कामी येतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दावा दाखल करायला ही मुदत आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी १९९४ पासून मुदतच नव्हती, त्यामुळे जुने लोक ‘कधीही टाकता येतो दावा’ म्हणतात, तेही आता ऐकू नका. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. पण त्या भरवशावर न राहता सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. मात्र सहा महिने म्हणजे चोवीस तास नव्हेत. पहिल्या दिवसांत वकिलापेक्षा पोलिसांचे कागद महत्त्वाचे: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्यातली एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनीच पहिला अपघात अहवाल ४८ तासांत दावा प्राधिकरणाला, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालतात त्या न्यायालयाला, पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. ते झालं का, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारणारा नातेवाईक हा त्या आठवड्यातला सगळ्यात उपयोगी माणूस.

विमा कंपनीशी बोलू नका? यात तथ्य आहे. आमच्याकडे पहिला आकडा कमीच काढला जायचा, आणि ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर घाईत सही झाली की वरचे साहेब खूश असायचे. तेव्हा तपासनीस आला तर जबाब वाचल्याशिवाय सही नको, प्रत मागून घ्या. पण तडजोड म्हणजे फसवणूक असंही नाही. लोकअदालतीत चांगला आकडा मिळू शकतो. फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरच्यासारखा हिशेब आधी घरी मांडून जा.

हेल्मेटचा मुद्दा सोडून देण्यासारखाच. हेल्मेट घालायलाच हवं, पण ते नव्हतं म्हणून दावाच बुडतो असं नाही. ट्रिपल सीट प्रवासाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय की नियम मोडला एवढ्याने अपघातातला दोष येत नाही, त्या मोडण्याचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो.

चाळीस टक्क्यांच्या दाखल्याची अट अपघात भरपाईत कुठेही नाही. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालातच उदाहरण दिलंय: डावा हात गेलेल्या ड्रायव्हरचं किंवा सुताराचं कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के असू शकतं, तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत टिकला तर तितकं नसतं. तेव्हा फुगवलेला दाखला काय कामाचा? तो देणाऱ्या ‘आपल्या’ डॉक्टरला उलटतपासणीत कंपनीचा वकील सोलून काढतो आणि खरं दुखणंही खोटं वाटायला लागतं. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचाच दाखला आणि त्यांचीच साक्ष.

मग वकील निवडायचा कसा? बहिणीला मी एवढंच सांगितलं: जिल्हा न्यायालयात जा, अपघात दाव्यांचं काम रोज करणाऱ्या दोघातिघांना भेट. तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनियर, हे विचार. तो स्वतःहून पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, रजांचा हिशेब आणि डॉक्टरांचं नाव मागतो का, ते बघ. पहिल्याच भेटीत ‘पंचवीस लाख नक्की’ म्हणणाऱ्याकडून उठून ये. मुंबईचाच वकील लागतो हेही मनातून काढ. अपघात गुजरातेत झाला तरी दावा आपण राहतो त्या भागातल्या दावा प्राधिकरणापुढे टाकता येतो.

आणि वकील बदलता येतो. फी बाकी असेल तर ती वकिलाने रीतसर मागावी, पण तेवढ्यासाठी केसचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. नव्या वकिलाचं वकीलपत्र द्यायचं, जुन्याची ना हरकत घ्यायची, तो देत नसेल तर कोर्टाला अर्ज करून परवानगी मागायची. म्हणून ज्यांनी असल्या पायऱ्यांवर आधीच सही केली आहे त्यांनी आधी बँकेत जाऊन खात्याचं चेकबुक बंद करावं, मग दावा प्राधिकरणाच्या ऑफिसात दावा खरंच दाखल झालाय का आणि त्यात कोणती गाडी लिहिली आहे, ते स्वतः पाहून यावं.